मला न विचारता घेतलेला नियम

आमच्या ह्यांना, म्हणजे भरतेश मगदूम यांना, पलूस तालुक्यात दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक म्हणजे पलूसच्या बाजारपेठेतलं त्यांचं चष्म्याचं दुकान, आणि दुसरी सायकल. दुकान ब्राह्मीच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या जन्माच्या आधीपासूनचं आणि सायकल अगदी आत्ताची. पण लोकांचं कसं असतं, आता चष्म्याचं नाव कुणी काढत नाही. "ते सायकलवालं मगदूम" म्हटलं की पुरे.

मी त्यांची बायको, गुणमाला. पलूसलाच एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. सायकलीबद्दल गावात पुष्कळ बोललं गेलं आहे आणि त्यातलं बरंचसं धादांत खोटं आहे, म्हणून मीच लिहायला बसले. मला राग लवकर येतो आणि सावकाश जातो, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे बाईंनी नवऱ्याची बाजू घेतली, असं पुढं कुणी म्हणायला नको.

आमचं गाव कृष्णाकाठी, पलूसपासून आठ-नऊ किलोमीटरवर. घर भरलेलं. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो, दोन दीर, दोन जावा आणि त्यांची पोरंबाळं. आमच्या घरात एकांत हवा असेल तर न्हाणीघरात जाऊन कडी लावायची. तिथंही दोन मिनिटांत कुणीतरी दार वाजवतं. ह्यांचा स्वभाव त्या घराला साजेसाच आहे. अंगानं आडवे, आवाजानं मोठे आणि गप्प बसणं म्हणजे शिक्षा. दुकानात एखादी म्हातारी डोळे तपासायला आली की समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायच्या आधी तिला सुनेची, म्हशीची आणि गुडघ्याची हकीकत सांगावी लागते. हे सगळं ऐकतात. नंबर काढायला वेळ लागतो, पण म्हातारी निम्मी तिथंच बरी होते.

आणि गाडीचं वेड. पांढरी चारचाकी घेतली तेव्हापासून हा माणूस पायांनी चालायचं विसरला. गल्लीच्या टोकाला दुधाची पिशवी आणायची, काढा गाडी. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात दर्शनाला जायचं, काढा गाडी. बस्ती आमच्या अंगणातून दिसते. एकदा कढीपत्ता आणायला गाडी नेली, आणि ती वळवायला जागा मिळेना म्हणून कढीपत्ता न घेताच परत आले. मी तेव्हा इतकी हसले होते की अव्वांनी रागावून पाहिलं होतं.

पण त्या गाडीनं मला एक गोष्ट दिली होती. रोज सकाळी आम्ही दोघं त्याच गाडीतून पलूसला जायचो. मला शाळेच्या दारात सोडून हे दुकानाला जायचे, संध्याकाळी तसंच परत. जाताना वीस मिनिटं, येताना वीस मिनिटं. एवढाच वेळ या माणसावर माझा एकटीचा हक्क होता. ब्राह्मीला कुठल्या कॉलेजला घालायचं, धाकट्या जावेची समजूत कशी काढायची, माझ्या गुडघ्याला झालंय तरी काय, सगळं त्या काचा बंद गाडीत ठरलं. लग्नानंतर पहिली दहा वर्षं आम्ही जेवढं बोललो नव्हतो, तेवढं त्या गाडीत बोललो. मला ती वीस मिनिटं जिवापाड आवडायची. कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. असल्या गोष्टी सांगायच्या असतात, हेच मुळी माहीत नव्हतं.

आता नियमाकडं येते.

त्या वर्षी चातुर्मासाला आमच्या बस्तीत एक मुनिमहाराज होते. सीमेपलीकडचे, कानडी वळणाचं मराठी बोलणारे, बारीक अंगाचे आणि मिश्किल. चातुर्मासात आमच्याकडं प्रत्येकजण काही ना काही नियम घेतो. कुणी बटाटा सोडतं, कुणी हिरव्या भाज्या, कुणी एक वेळचं जेवण. महाराजांसमोर उभं राहून, हात जोडून, चारचौघांत बोलायचं, की झालं. एकदा बोललेलं मोडता येत नाही. म्हणून महाराज आधी विचारतात, "घरी विचारलंय का?" कारण एकानं कांदा सोडला की घरात दोन भाज्या कराव्या लागतात, आणि त्या करणारी बाई सभेत मागं बसलेली असते.

मी मात्र त्या दिवशी सभेत नव्हते. शाळा होती. ह्यांचं दुकान आठवड्याच्या सुट्टीमुळं बंद, म्हणून हे पुढच्या रांगेत. प्रवचन अनर्थदंडावर होतं. अनर्थदंड म्हणजे काहीही गरज नसताना केलेली हिंसा. शेतकरी नांगरतो तेव्हा किडे मरतात, ते पोटासाठी. पण बसल्या बसल्या उगाच झाडाची फांदी मोडली, नळ वाहता सोडला, तो अनर्थदंड. महाराज म्हणाले, "एकटा माणूस एवढं मोठं यंत्र पेटवून चार पावलांवर जातो. धूर सगळ्यांच्या नाकात. गरज किती, हिंसा किती, ज्याचं त्यानं बघावं."

नेमकं कढीपत्त्यावर बोट ठेवलं म्हणायचं. त्यात आमच्या गल्लीत दोनदा कृष्णेचं पाणी येऊन गेलेलं, आणि तासगावला माझ्या भावाची द्राक्षं भलत्या महिन्यातल्या पावसानं दोन वर्षं ओळीनं कुजलेली. हवामान बिघडत चाललंय म्हणून हे बरेच दिवस बेचैन होतेच. ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "महाराज, चातुर्मास संपंस्तोवर दुकानाला जाता-येता मी इंजिनाची गाडी वापरणार न्हाई. सायकलनं जाईन."

सगळी सभा वळून बघायला लागली. बटाटा सोडणारे पुष्कळ, पण गाडी सोडणारा हा पहिलाच.

महाराजांनी विचारलं, "घरी विचारलंय?"

आणि माझ्या नवऱ्यानं मान हलवली. "व्हय, महाराज."

मला हे कळलं ते संध्याकाळी, नळावर. शेजारच्या अंजनाकाकूंनी घागर खाली ठेवली आणि म्हणाल्या, "गुणमाला, तुजं लय कौतुक वाटलं बघ. एवढी गाडी दारात असून तू हो म्हटलीस!"

"कशाला हो म्हटलं मी?"

काकूंनी सगळं सांगितलं. मी घागर तशीच वाहती सोडून घरी आले. हाही अनर्थदंडच झाला, पण त्या क्षणी सुचलं नाही.

हे ओसरीवर बसून सायकलची जाहिरात बघत होते. सगळं घर आजूबाजूला. भांडायचं तरी कुठं? मी म्हटलं, "जरा बाहेर या, गाडीत काहीतरी राहिलंय." गाडीत बसून काचा वर केल्या आणि विचारलं, "मी कधी हो म्हटलं?"

ह्यांचा मोठा आवाज अगदी बारीक झाला. "आगं, एवढी माणसं बघत हुती. मान आपोआप हलली."

"आपोआप? महाराजांच्या समोर खोटं?"

"तू न्हाई थोडीच म्हणणार हुतीस."

हे ऐकल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. "न विचारताच माझं उत्तर ठरवलंत व्हय? आणि मी शाळेला कसं जायचं?"

"एस.टी. हाय की."

माझी वीस मिनिटं एका वाक्यात एस.टी.ला देऊन टाकली या माणसानं. ते मी बोलले नाही. बोलले ते दुसरंच. "तुमच्या एका गाडीच्या धुरानं काय जगबुडी होणार आहे का? पलूसच्या रस्त्यावर हजार गाड्या पळतात."

यावर मात्र त्यांनी मान वर केली. "मी दिवस मावळल्यावर जेवत न्हाई. त्यानं जगातलं सगळं किडं वाचत्यात का? न्हाई. माझ्या ताटात पडून मेलं असतं, तेवढं वाचत्यात. मी तेवढ्याचाच धनी."

उत्तर बिनतोड होतं. म्हणून तर जास्त राग आला. मी म्हटलं, "ठीक आहे. महाराज गावातून जातील, त्याआधी मी त्यांना सांगणार, की मला विचारलं नव्हतं." ह्यांचा चेहरा पडला. नियम खोट्यावर उभा होता हे सगळ्या गावापुढं उघडं पडणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. दार उघडून मी आत गेले आणि त्या दिवसापासून कामापुरतंच बोलायचं ठरवलं.

एस.टी.नं जाणं मला मान्य नव्हतं. मी पलूसच्या सिद्धूकडं गाडी शिकायला लागले. पन्नाशीला टेकलेली बाई आपल्या ड्रायव्हिंग क्लासला आली, याचाच सिद्धूला एवढा धक्का बसला की पहिल्या दिवशी तोच क्लच दाबायचा विसरला. पण मी शिकले. परवानाही आला. आणि एका सकाळी मी गाडी काढली, साडीचा पदर खोचला आणि निघाले. वाटेतल्या नाल्याच्या पुढं हे सायकलवर दिसले, डोक्याला रुमाल, पँटचे पाय क्लिपांनी आवळलेले, घामानं डबडबलेले. मी जवळ जाऊन जोरात हॉर्न दिला. ते दचकून कडेच्या गवतात उतरले. मी आरशात बघून हसले. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

हे रोज व्हायला लागलं. आणि गावानं त्याचा जो अर्थ लावला, त्याला तोड नाही. बायको गाडीत, नवरा सायकलवर. नियमाची गोष्ट बस्तीतल्या लोकांना ठाऊक. पण रस्त्यावरच्या बाकीच्या गावांना काय माहीत? सगळीकडं झालं की मगदूम बाईंनी नवऱ्याची गाडी काढून घेतली. का, यावर मतं वेगवेगळी होती. आमच्या शाळेतल्या संयोगिता शिंदे मॅडम एकदा मधल्या सुट्टीत जवळ सरकून म्हणाल्या, "बाई, माझ्याबी नवऱ्याला एकदा असंच कराय पायजे. तुमी नक्की सुरुवात कशी केलासा?" पालक माझ्याशी जास्तच अदबीनं बोलायला लागले. नववीच्या वर्गातली दंगा करणारी पोरं मी आत गेले की गप्प. मी दोन-तीनदा खरं सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. दरारा असा फुकट मिळत नाही.

ह्यांना गावातलं कळत होतं. कधी कुणाला तोडून बोलले नाहीत. "व्हय, बायको कडक हाय," एवढंच म्हणायचे आणि पुढं पायडल मारायचे.

पण मला हळूहळू काहीतरी दिसायला लागलं होतं, आणि मला ते बघायचं नव्हतं. हा माणूस सायकलवर खुलला होता. गाडीत असताना पुढच्या प्रत्येक ट्रॅक्टरला शिव्या घालायचे. आता त्याच ट्रॅक्टरवाल्यांना नावानं हाका मारायचे. वाटेत लोक थांबवायचे. "अण्णा, चष्म्याची दांडी ढिली झालीया जरा." खिशात बारकासा स्क्रू-ड्रायव्हर ठेवलेला. सायकल स्टँडवर लावून, बांधावर बसून, दांडी आवळून द्यायचे. दुकान उशिरा उघडायला लागलं तेव्हा घरातून लवकर निघायला लागले. त्या रस्त्यावर आता एकाही माणसाचा चष्मा नाकावरून घसरत नाही, असं अव्वा अभिमानानं सांगायच्या. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की घोरायला लागायचे. मी मात्र जागी. वीस मिनिटं गाडीत एकटी बसायचे, रेडिओ लावायचे, बंद करायचे. शेजारच्या मोकळ्या सीटवर पर्स ठेवायचे. ती सीट बघितली की हॉर्न अजूनच जोरात वाजायचा.

मग आला तो शेणखताचा दिवस.

आदल्या दिवशी शाळेत ब्राह्मीचा फोन आला होता. ती पुण्याला एका कंपनीत होती. म्हणाली, "आई, मला इथं नाही राहायचं. मी सांगलीला येऊन डोळे तपासायचा कोर्स करते आणि बाबांच्या दुकानात बसते. तू बाबांना सांग, पण घरात सगळ्यांच्या समोर नको." घरात सगळ्यांशिवाय समोर असतंच कोण? सकाळी ह्यांना नाल्याच्या पुढं गाठलं. हॉर्न दिला नाही. काच खाली केली, गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली आणि सायकलच्या बरोबरीनं चालवत म्हटलं, "अहो, ऐका."

हे दचकले. "हॉर्न बिघडला काय?"

"ब्राह्मी परत यायचं म्हणते. तुमच्या दुकानात बसायचं म्हणते."

सायकल वेडीवाकडी झाली. "काय सांगतीस! माझ्या दुकानात?"

"तिला तेच काम आवडतं, असं म्हणते."

हे रस्त्याच्या मधोमध सायकलवरून उतरले आणि डोळे पुसायला लागले. मी गाडी थांबवली. मग काय, तोंडं सुटली. कोर्स कुठं करायचा, पोरीनं चांगली नोकरी सोडायची का, तिनं हे मनापासून ठरवलंय की तिथं काही बिनसलंय, अव्वांना कसं सांगायचं. मी खिडकीतून, ते हॅंडलवर कोपर टेकून. मधूनच थोडं पुढं सरकायचो, मधूनच थांबायचो. किती वेळ गेला कळलं नाही. मागं ओरडा व्हायला लागला तेव्हा भानावर आले.

मागं आमच्या गावातल्या तानाजीचा ट्रॅक्टर होता. ट्रॉली शेणखतानं शिगोशीग भरलेली. त्याच्या मागं एस.टी., एस.टी.च्या मागं दुधाचा टेम्पो, आणि त्याच्याही मागं आमच्याच शाळेची पोरं सायकलींवर, मजा बघत.

तानाजी ट्रॅक्टरवर उभा राहून ओरडला, "आवं बाई, नवऱ्याला घरी न्हिऊन भांडा की! हितं माझं खत वाळाय लागलंय!"

"भांडत नाही, बोलतोय!" मी ओरडले.

"मग लय वंगाळ! भांडान तरी लवकर मिटतं!"

एस.टी.च्या खिडक्यांतून माणसं हसायला लागली. पोरं हसली. हे सायकल धरून उभे, तेही हसायला लागले, आणि मग मलाही आवरेना. आणि त्या हसण्यातच मला गाडीचा आवाज ऐकू आला. इतका वेळ ती तशीच घुरघुरत होती. पहिल्या गियरमध्ये, सायकलच्या वेगानं, धूर सोडत. ह्यांनी आठवडाभर पाय दमवून जो धूर वाचवला, तो मी त्यांच्याच शेजारून चालत एका सकाळीत सोडला. रागाच्या भरात मी आजवर दोघांचा हिशेब बरोबर ठेवत होते, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात त्यांची सगळी मेहनत मीच रस्त्यावर सांडत होते. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

ते खिडकीशी वाकले. "लय दिवसांनी बोललीस, गुणमाला."

"तुम्ही जागा कुठं ठेवली होती बोलायला?" माझा आवाज फुटला. "ती वीस मिनिटं माझी होती. ती तुम्ही मला न विचारता देऊन टाकलीत."

मागं तानाजीनं हॉर्न धरून ठेवला. हे जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मला ठावंच नव्हतं. मला वाटायचं, तुला गाडी आवडती."

"गाडीला काय जाळायचंय?"

"तुला विचाराय पायजे हुतं मी."

"महाराजांना सांगा मग."

"धीर व्हईना झालाय. रोज बस्तीत जातो, रोज तसाच परत येतो."

"तुम्ही नाही सांगितलं, तर मी सांगणार आहे."

"सांग," ते म्हणाले, आणि सायकल कडेला घेतली. तानाजी पुढं जाताना म्हणाला, "मिटलं का एकदाचं?" त्याच्या ट्रॉलीतलं थोडं खत माझ्या बॉनेटवर पडलं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्याजवळ कुणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी दारातच ठेवली आणि एस.टी.नं गेले. नियम वगैरे काही नाही, नुसती गेले. संध्याकाळी शाळा सुटली तर फाटकाशी हे सायकल धरून उभे. म्हणाले, "स्टँडपातूर येतो." शाळा गावाच्या एका टोकाला, एस.टी. स्टँड दुसऱ्या टोकाला. सगळी बाजारपेठ चालत पार करायची. हे सायकल ढकलत, मी शेजारून. माझी पिशवी सायकलच्या हॅंडलला. एस.टी. नेहमीच उशिरा येते, आणि पहिल्यांदाच मला ती जरा आणखी उशिरा यावी असं वाटलं. गाडीत हे समोर बघून बोलायचे आणि मध्येच लेन्सवाल्यांचे फोन घ्यायचे. चालताना माझ्याकडं बघून बोलत होते. तेव्हापासून रोज तसंच. पलूसच्या बाजारपेठेत चर्चा बदलली. मगदूम बाईंनी आता नवऱ्याला पिशव्या धरायलाही लावलंय, असं म्हणायला लागले.

गाडी गेली कुठं नाही. अव्वांना मिरजेला दाखवायला न्यायचं असलं की निघते, तासगावला भावाकडं सगळे मिळून जायचं असलं की निघते. ती मीच चालवते. हे मागं बसून ट्रॅक्टरवाल्यांना हात करतात.

दिवाळी झाली, चातुर्मास संपला, आणि महाराजांचा विहार ठरला. कराडवरून साताऱ्याकडं जाणार होते. विहार पायीच असतो, आणि सूर्य उगवल्याशिवाय महाराज पाऊल उचलत नाहीत. पायाखालचा जीव दिसला पाहिजे म्हणून. गावची माणसं पलूसपर्यंत सोबत निघाली. त्याच रस्त्यानं. मी बायकांत होते, हे पुढं, महाराजांचा कमंडलू धरून. ह्यांनी अजून काही सांगितलेलं नव्हतं, हे मला त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. आता महाराज जाणार. आज नाही तर कधीच नाही.

नाल्याच्या पुढं एका बाभळीखाली महाराज थांबले. दम घ्यायला म्हणून सगळे बसले. महाराज हसून म्हणाले, "भरतेश, नियम संपला. आता गाडी काढणार?"

"न्हाई, महाराज," हे म्हणाले. "जमलंय मला. वरीसभर पुढं चालवावं म्हणतो."

"चांगलं आहे. पण घरी विचारलंय का?"

ह्यांनी मान खाली घातली. कमंडलू हातात तसाच. महाराजांनी इकडं तिकडं बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर आली. "या वेळी श्राविका इथंच आहेत. मागच्या वेळी नव्हत्या. त्यांनाच विचारू. बाई, तुमची संमती आहे?"

मी उठून उभी राहिले. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. अंजनाकाकू तर कौतुकानं. नुसतं "आहे" म्हटलं असतं तर सगळं छान झाकलं गेलं असतं. पण मी चार महिने ज्याच्यावर रागावले होते, ती गोष्ट हीच होती, दुसऱ्याच्या वतीनं सोयीचं बोलणं. तेच मी आता कशी करणार? ह्यांच्याकडं बघितलं. चेहरा पांढरा पडला होता. तरी त्यांनी हळूच मान हलवली. सांग, अशी.

"आज आहे, महाराज," मी म्हटलं. "मागच्या वेळी नव्हती. मला विचारलंच नव्हतं."

हे पुढं झाले, गुडघ्यावर बसले. "खरं हाय, महाराज. मी खोटं बोललो. तिला इचारलं नव्हतं, तिचं काय जातंय हेबी बघितलं न्हाई. माझा मीच मोठा झालो."

महाराज म्हणाले, "म्हणजे तुझा नियम झालाच नाही, भरतेश. धूर सोडला नाहीस, पण घरच्या माणसाला दुखवलंस. ती पण हिंसाच."

"व्हय, महाराज."

"मग तो धर एकदा, आजपासून. पहिल्यापासून."

ह्यांनी मान वर केली. एवढ्या गंभीर प्रसंगातही त्यांना राहवलं नाही. "आणि मागचं चार महिनं चालवली ती?"

महाराज उठता उठता म्हणाले, "व्यायाम झाला."

सगळं गाव खदाखदा हसलं. अव्वा तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग महाराजांनी मला विचारलं, "बाई, तुमचाही काही नियम?" मी हात जोडले. "मला नको, महाराज. मी आपली मनानं एस.टी.नं जाते. नियम घेतला की मला मोडावासा वाटतो." महाराज म्हणाले, "खरं बोलता, हाच घ्या," आणि चालायला लागले.

ह्यांनी कमंडलू दुसऱ्या कुणाच्या तरी हाती दिला आणि मागं बायकांच्या घोळक्याकडं आले. माझ्याबरोबर चालायला लागले. बायका जरा पुढं सरकल्या. मला वाटलं, रागावले असतील. सगळ्या गावापुढं आणलं मी त्यांना. मग बघितलं तर हे हसत होते, अंगावरचं ओझं उतरल्यासारखे.

"पहिल्यापासनं धरायचा म्हणं," ते म्हणाले.

"पहिल्यापासनं."

"वरीसभर. ऊन, पाऊस, तानाजी."

"व्हय."

मग ते थांबले. रस्त्याच्या कडेला, सगळी माणसं पुढं जाऊ देत. आपले जाडजूड हात जोडले, महाराजांसमोर जोडतात तसेच, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या मोठ्या आवाजाच्या माणसानं मला अगदी हळू विचारलं, "गुणमाला, मी सायकलनं जाऊ का?"